चौघी आणि आयतं ताट

ठरलं ते पोळ्यांवरून. बँकवालीकडे जमलो होतो. ती पाचव्यांदा ताटावरून उठून पोळी आणायला आत गेली आणि तव्याजवळूनच ओरडली, "अगं, मला कुणीतरी चार दिवस आयतं वाढा गं!" त्यावर कुणी हसलं नाही, कारण चौघींच्याही मनात तेच होतं.

आमची नावं हॉस्टेलवर पडलेली. एक मालवणी, एक बँकवाली (तिने खरोखरच बँकेत तीस वर्षं काढली), मी पुस्तकी. शुगर हे नाव तेवढं नवं आहे, पन्नाशीनंतर कमावलेलं. मालवणीच्या बहिणीचा दादरचा ब्लॉक डिसेंबरभर रिकामा होता, म्हणून मुंबई. नियम एकच: चार दिवस कुणीही गॅस पेटवायचा नाही, चहासुद्धा बाहेर. मालवणीने त्यात पोटनियम घातला. मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, त्या दिवशी ती मासे-मटण खात नाही. तिकिटं मंगळवार ते शुक्रवारची मिळाली होती. म्हणजे मासेखाऊ बाईचे निम्मे वार निघतानाच गेले.

मंगळवार

पुण्याहून सकाळी 7:15 ची डेक्कन क्वीन. ही गाडी 1930 च्या जूनमध्ये सुरू झाली आणि तिला अजून डायनिंग कार आहे, टेबल-खुर्च्यांची. आमचं पहिलं हॉटेल तेच. वर्षानुवर्षं या गाडीने जाऊनही मी डायनिंग कारमध्ये कधी बसले नव्हते, कारण पिशवीत घरून केलेली पोळी-भाजीची गुंडाळी असायची. या खेपेला पिशवी रिकामी. ऑम्लेट, कटलेट आणि चीज टोस्ट आलं. शुगर म्हणाली, "मी फक्त चव घेते." हे वाक्य पुढे चार दिवस ऐकायचं आहे हे तेव्हा कळलं नाही.

साडेदहाला सीएसएमटी. सामान घेऊन दादरला जाऊन परत येण्यापेक्षा तसंच बॅलार्ड इस्टेटला जाऊ असं बँकवालीने ठरवलं. चाकांच्या बॅगा घडघडत आम्ही त्या दगडी इमारतींमधून चाललो. जॉर्ज विटेटने आखलेला हा भाग, गेटवे ऑफ इंडियाही त्याचंच. रस्ते इतके शांत की मुंबईत आहोत यावर विश्वास बसत नाही.

ब्रिटानिया अँड कंपनी हे इराणी हॉटेल 1923 पासून इथे आहे. फक्त दुपारचं जेवण. उंच छत, रंग उडालेल्या भिंती. मालक बोमन कोहिनूर 2019 मध्ये गेले, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन. ब्रिटनच्या राणीवर त्यांचं जगजाहीर प्रेम होतं, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी टेबलाजवळ उभं राहून गप्पा मारायचे. लोक बेरी पुलावाबद्दल बोलतात तेव्हा त्यांचंच नाव घेतात. पण तो पुलाव या हॉटेलात आणला त्यांच्या पत्नीने. त्या काही काळ इराणमध्ये नोकरीला होत्या, तिथून ही कृती आली. हे मी वाचून गेले होते आणि जेवताना तीनदा सांगितलं. पुस्तकी नाव उगीच नाही पडलं.

बेरी म्हणजे झरेश्क, मनुक्याहून लहान, लालभडक, जिभेवर आधी आंबट आणि मग किंचित गोड. भाताच्या ढिगावर त्या पसरलेल्या, खाली मटण. मालवणीने मंगळवार पाळून बिनमटणाचा मागवला आणि आमच्या ताटांकडे बघायचं नाही म्हणून खिडकीबाहेर बघत बसली. चमचाभर भात खाल्ल्यावर म्हणाली, "ही बेरी सोलांच्या कढीत टाकली तर?" मालवणी माणसाला जगातला कुठलाही आंबट पदार्थ शेवटी सोलकढीपाशीच आणून सोडतो. शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. शुगरने चव घेतली, वाटी रिकामी झाली.

याच टेबलावर पहिला फोन आला. माझ्या घरून. "हिंग कुठे आहे?"

संध्याकाळी चर्चगेटला रुस्तमचं आइस्क्रीम सँडविच: दोन पातळ वेफरमध्ये आइस्क्रीमची जाड वडी, कागदात गुंडाळलेली, कप-चमचा काही नाही. वितळायच्या आत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर पोहोचायचं असतं. आम्ही नाही पोहोचलो. रस्ता ओलांडतानाच कोपरापर्यंत ओघळ आले आणि चौघी भर सिग्नलला मनगटं चाटत उभ्या.

बुधवार

मासे चालण्याचा दिवस, आणि आम्ही निघालो माटुंग्याला, जिथे काही मैलांत कुणी मासा तळत नसेल. मालवणी रुसली. पण गुरुवारचा बेत गिरगावचा होता, त्यामुळे इलाज नव्हता.

1896 च्या प्लेगनंतर दाटीवाटीची मुंबई मोकळी करायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दादर-माटुंग्याला रुंद रस्ते, बागा आणि हवेशीर इमारती आखल्या. कारकुनी करायला आलेले दाक्षिणात्य लोक तिथे स्थिरावले. एकट्या माणसांना जेवू घालायला त्यांच्यामागोमाग उडुपी आली. एवढं मी लोकलमध्ये सांगून टाकलं, दादर ते माटुंगा एकच स्टेशन असल्यामुळे त्याहून जास्त सांगता आलं नाही.

कॅफे मद्रास, 1940 सालचं. दाराशी एक माणूस कागदावर नाव लिहून घेतो आणि मग फुटपाथवर उभं राहायचं. बुधवारी सकाळीही अर्धा तास. नाव पुकारलं तेव्हा कळलं की चौघींचं एक टेबल मिळणार नाही. दोघी इकडे, दोघी तिकडे, आणि समोर अनोळखी माणसं. पुण्यात असं कुणी समोर येऊन बसलं तर आपण आधी घड्याळाकडे बघतो, मग त्याच्याकडे. इथे माझ्या समोरचा तरुण नुसता गुडघे सरकवून म्हणाला, "बसा ना काकू." आणि मी मेनू चाळतेय बघून, न विचारता: "इडली कुठेही मिळते. रसम वडा घ्या."

घेतला. वाटीभर गरम रसमात बुडालेला मेदूवडा, वरून पोपडा अजून थोडा कुरकुरीत आणि आत स्पंजासारखा. मिऱ्याचा ठसका नाकात गेला. पलीकडच्या टेबलावर शुगरने नाचणीचा डोसा मागवला होता, "नाचणी चालते मला," असं ती समोरच्या दोन परक्या बायकांना समजावत होती. मग त्या दोघींनी तिला आपल्या नीर डोशाबरोबरचं गूळ-खोबरं दिलं. तिने चव घेतली.

सरळ तिथून घरी गेलो असतो तर बरं झालं असतं, पण दुपारी स्टेशनाजवळच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगला जायचंच होतं. मध्ये दोन तास फुलबाजारात आणि साडीच्या दुकानात काढले. साड्यांबद्दल इथे लिहीत नाही, घरी वाचतात.

हे बोर्डिंग रामा नायक यांनी 1942 मध्ये सुरू केलं. पहिल्या मजल्यावर, केळीच्या पानावर जेवण. ज्याला आपण खाणावळ म्हणू तेच, पण इतकं स्वच्छ आणि इतकं अबोल की आत गेल्यावर आपलाही आवाज उतरतो. पान मांडलं, पाणी शिंपडलं, आणि वाढपी सुरू झाले. कोशिंबीर, दोन भाज्या, पुऱ्या, सांबार, रसम, पापड, भात. वाढपी थांबत नाही. तो तुमच्या पानाकडे बघतो, तोंडाकडे नाही. जागा दिसली की वाढतो. आयुष्यभर मी हेच करत आलेय, दुसऱ्यांच्या पानात कुठे जागा झाली ते बघत. उलट्या बाजूने हे कसं दिसतं ते त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं मला अवघडल्यासारखं झालं. दोनदा मी वाढप्याला मदत करायला हात पुढे केला. बँकवालीने माझा हात दाबून खाली ठेवला.

आमच्या टेबलाशी एक आजोबा होते, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मराठी अस्खलित, पण ळ चा उच्चार दक्षिणेचा. पत्नी गेल्यापासून दुपारी इथेच, म्हणाले. "रसम पहिल्यांदा भाताबरोबर घ्या, दुसऱ्यांदा नुसतं प्या. ताक शेवटी." आम्ही आज्ञाधारक मुलींसारखं तसं केलं. जेवण झाल्यावर मालवणी पान पलीकडच्या बाजूला दुमडायला गेली तर त्यांनी बोट हलवलं, "स्वतःकडे. म्हणजे जेवण आवडलं." तिने स्वतःकडे दुमडलं. मासे नव्हते तरी.

हात धुवायला गेले तशी स्वयंपाकघरात डोकावले. पातेली माझ्या कमरेएवढी, आणि सगळे पुरुष. एकही बाई नाही. भात उपसणारा माणूस माझ्या नवऱ्याच्या वयाचा असेल. नवऱ्याचा फोन त्याच सुमारास आला, कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या हे विचारायला. डाळीच्या की भाताच्या, विचारलं. "दोन्ही एकदम ठेवलंय," म्हणाला.

रात्री कुणालाच भूक नव्हती, म्हणून फक्त प्रकाशमध्ये पीयूष. फक्त म्हणजे, पीयूष आणि साबुदाणा वडे. दादरच्या या हॉटेलात गेल्यावर साबुदाणा वडा न खाता बाहेर पडलेला माणूस मला अजून भेटायचाय. पीयूष म्हणजे श्रीखंड पातळ करून त्यात केशर-जायफळ, एवढंच असतं. पण ग्लासात चमचा उभा राहील असा दाट हवा, आणि हा तसा होता. शुगरने त्या रात्री मशीन काढून साखर तपासली आणि आकडा आम्हाला सांगायला नकार दिला.

गुरुवार

दादरहून गिरगावला आता भुयारी मेट्रोने जाता येतं. मालवणीचे वडील याच वाटेने ट्रॅममधून गेलेले.

ठाकूरद्वारच्या विनय हेल्थ होममध्ये मिसळ. इथे चौघींत पहिलं भांडण झालं. बँकवाली कडवी पुणेरी, तिच्या मते मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी पाहिजे आणि बरोबर स्लाइस ब्रेड. पावाबरोबर मिसळ खाणं म्हणजे अनाचार. मालवणी म्हणाली, दादरच्या आस्वादच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनला जगातल्या उत्तम शाकाहारी पदार्थाचं बक्षीस मिळालं, ती पावाबरोबरच असते. "लंडनच्या लोकांना काय कळतंय," बँकवाली म्हणाली, आणि दुसरा पाव मागवला.

खोताच्या वाडीत चक्कर मारली. लाकडी जिने, पुढे ओसरी, मध्येच एखादं नवीन काचेचं घर. इथे अनंताश्रम नावाची खाणावळ होती. आता नाही. मालवणीचे वडील ब्रह्मचारी असताना तिथे जेवायचे, आणि त्यांच्या सांगण्यात माशांइतकाच मालकाचा दरारा असायचा: गप्पा मारल्या, रेंगाळलं की ओरडा बसे. ती बंद दारापाशी थोडा वेळ उभी राहिली. म्हणाली, "आई कधीच नाही आली इथे." इराण्यांकडे निदान बायकामुलांसाठी वर किंवा आतल्या बाजूला फॅमिली रूम असायची. खाणावळीत तेही नव्हतं. खाणावळ म्हणजे एकट्या पुरुषाची जागा.

दुपारी काळबादेवीला ठक्कर भोजनालय, 1945 पासूनचं, जिने चढून वर. गुजराती थाळीबद्दल थोडक्यात: वाट्या मोजू नका, पहिल्या दहा मिनिटांत फरसाणावर हात मारू नका, आणि "बस" हा शब्द त्यांच्याकडे चालत नाही. तुपाच्या फुलक्यांपुढे शुगरने शस्त्रं टाकली. चव घेते म्हणायचीही तिने तसदी घेतली नाही.

रात्रीच्या जेवणाबद्दल मात्र लांबण लावणार आहे.

मालवणीच्या भाचीने आग्रहाने लोअर परळमधल्या एका नव्या हॉटेलात टेबल राखून ठेवलं होतं. पूर्वीच्या गिरणीचं आवार, आता तिथे काचेची ऑफिसं, हॉटेलं आणि तीच एक जुनी चिमणी, खालून दिवे सोडलेली. चार दिवसांत पहिल्यांदाच आम्हाला चौघींचं स्वतंत्र टेबल मिळालं, मोठं, मऊ खुर्च्यांचं, आणि आजूबाजूला इतकं अंतर की शेजारी काय खातायत तेही दिसेना. संगीत असं की एकमेकींचं ऐकू येईना. ताटल्या परातीएवढ्या, पदार्थ लिंबाएवढे. वाढपी दर वेळी पदार्थाचा इतिहास सांगायचा आणि मग कसं आहे विचारायला तोंडात घास असतानाच यायचा.

मालवणी गप्प होती. मग म्हणाली, "माझी आजी इथून दहा मिनिटांवर वीस माणसं जेवू घालायची."

हे आम्हाला माहीत नव्हतं. तीस वर्षांची मैत्री, पण आजीची खाणावळ तिने कधी सांगितली नव्हती. लालबागच्या चाळीत एकच खोली. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार, बायकामुलं गावी. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या, म्हणजे जेवणंही तीन पाळ्यांत. आजी पहाटे चारला भाकऱ्या थापायला बसायची. गड्यांची पंगत उठली की घरातले, आणि सगळ्यांत शेवटी ती, तव्यावरच्या उरल्यासुरल्यावर. सामान सावकाराकडून उचल घेऊन भरायचं, महिन्याला पगार झाले की फेडायचं, आणि व्याज इतकं की हातात काही राहायचं नाही.

अशा खाणावळवाल्या गिरणगावात हजारोंनी होत्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना गोळा करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सरकारी बँकांकडून त्यांना कर्जं मिळवून दिली. आजीनेही घेतलं होतं. तारण काहीच नव्हतं, फक्त दहा-बारा जणींनी एकमेकींची हमी घ्यायची.

"आणि फेडलं?" बँकवालीने विचारलं. सवयीने.

"शेवटच्या रुपयापर्यंत. सावकाराला नाही आवडलं ते."

मग 18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख कामगार बाहेर. आजीने पहिले काही महिने गड्यांना उधारीवर जेवू घातलं, संप मिटेल म्हणून. मिटला नाही. एकेक करून गडी गावी गेले. उधारीची वही अजून मालवणीच्या आईकडे आहे, ट्रंकेत. काहींनी पुढे किती वर्षांनी तरी मनीऑर्डर पाठवली म्हणे, एकाने काजूची पिशवी.

बोलत असतानाच बिल आलं. 5,200 रुपये, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी. 6,006. बँकवालीने चष्मा लावला. तिचा हा चेहरा कर्ज बुडव्यांनी पाहिला असणार. तिने मॅनेजरला बोलावून शांतपणे सांगितलं की सर्व्हिस चार्ज बिलात परस्पर लावता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना आहेत, आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या उचलून धरल्या. मॅनेजर म्हणाला, सिस्टीममधून निघत नाही. ती म्हणाली, मी थांबते. वीस मिनिटांनी निघालं. नवं बिल 5,460. मग तिने पर्समधून पाचशेची नोट काढली आणि वाढणाऱ्या मुलाच्या हातात थेट दिली. त्या मुलाचं गाव विचारलं तर निघालं सावंतवाडी. मालवणीने त्याच्याशी मालवणीत काय बोलणं केलं ते आम्हाला पूर्ण कळलं नाही, पण तो पहिल्यांदाच नीट हसला.

शुक्रवार

सकाळी धोबीतलावला, मेट्रो सिनेमासमोर कयानी. 1904 चं. लाकडी वळणाच्या खुर्च्या, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, बरण्यांत बिस्किटं. इराणी हॉटेलं कोपऱ्यावरच का, तर कोपऱ्याची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानायचे म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. त्यांच्या दोन बाजूंनी उघड्या दारांमुळे गिऱ्हाईक आपोआप वाढलं असणार, हे माझं. अकुरी (पारशी अंडाभुर्जी), बनमस्का, चहा. बनमस्का चहात बुडवायचा की नाही यावर मतभेद नव्हते. आमच्याच टेबलाच्या मोकळ्या खुर्चीवर एक कॉलेजची मुलगी येऊन बसली, पुस्तक उघडून, आणि मालवणीने विचार न करता आपली पर्स मांडीवर घेतली. मंगळवारी आम्ही ती पर्स खुर्चीवरच ठेवली असती.

आणि शेवटी दुपारी मासे! दादरच्या सिंधुदुर्गमध्ये. मालवणीने मेनूकार्ड उघडलंच नाही. सुरमईचं ताट, तिसऱ्या, बांगड्याचं तिखलं, तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी. सोलकढी आधी एक, मध्ये एक, नंतर एक. तिखल्यात तिरफळ होतं, त्याचा वास आल्यावर ती काही क्षण डोळे मिटून बसली. मग जे सुरू केलं ते पाऊण तास तोंडातून शब्द नाही. काटे एकीकडे रचून ठेवत होती, नीट, ओळीने. चार दिवस तिने सोसलं होतं.

"आजीच्या हातचं?" शुगरने विचारलं.

"छे. आजीला खोबरं परवडायचं नाही एवढं."

संध्याकाळी 5:10 ची क्वीन. डायनिंग कारमध्ये जागा मिळाली आणि चौघींनी परत कटलेट मागवलं, कशाला ते विचारू नका. बँकवालीने हिशेब मांडला. बाहेर कर्जत गेलं, गाडी घाट चढायला लागली. माझा फोन वाजला.

"वरण लावलंय," नवरा म्हणाला. आवाजात अभिमान. "तू येईपर्यंत होईल. फोडणीला आधी मोहरी की आधी हिंग?"

"आधी तेल ता..."

बोगदा आला आणि फोन कट झाला. मी परत लावायला बटण दाबणार, तेवढ्यात बँकवालीने फोन माझ्या हातातून काढून घेतला, पालथा टेबलावर ठेवला आणि सॉसची बाटली माझ्याकडे सरकवली.